वाटाण्याचे रोप आणि हरवलेला हरिश्चंद्र

दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट कोणता, असे शाळकरी मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी तो 'राजा हरिश्चंद्र' असेच उत्तर देईल. स्पर्धा परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात आणि ते चूक आहे असे माझेही म्हणणे नाही. परंतु त्या चित्रपटाआधी फाळक्यांनी आणखी एक फिल्म केली होती. तिच्यात राजा नव्हता, राणी नव्हती, विश्वामित्रही नव्हता. होता तो फक्त एक वाटाणा. तिकीट लावून ती कधी दाखवली गेली नाही, कारण ती तिकिटासाठी केलेलीच नव्हती. आणि ज्या 'राजा हरिश्चंद्रा'ची चार दृश्ये आपण दूरदर्शनवर पाहून पहिला चित्रपट पाहिल्याचे समाधान मानतो, तो तरी पहिला आहे का, याबद्दलही जाणकारांत मतभेद आहेत.

या गोष्टीकडे माझे लक्ष गेले ते एका भलत्याच वाटेने. माझा भाचा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत तो चंद्रपूरला आमच्याकडे आला होता. या धंद्यात कच्च्या नमुन्यांना फार किंमत असते, असे त्याने सांगितले. राल्फ बेअर नावाच्या अमेरिकन माणसाने १९६८ पर्यंत एक खोका तयार केला होता. वरून लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला आणि आत टेलिव्हिजनवर खेळ खेळण्याची जुळवाजुळव. हा खोका घेऊन तो कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिला, आणि १९७२ साली त्याच्यावरून घरी खेळायचे पहिले यंत्र बाजारात आले. तो मूळ तपकिरी खोका आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका जपानी कंपनीने 'स्टार फॉक्स २' नावाचा खेळ १९९५ मध्ये पुरा करूनही विकला नाही. तो २०१७ साली अधिकृतपणे बाहेर आला, आणि बावीस वर्षे लोक त्याची वाट पाहत होते म्हणे. रद्द झालेले, अर्धवट सोडलेले, बाजारात न आलेले खेळ शोधून जपणारी माणसे जगभर आहेत. भाचा झोपायला गेला आणि मी बराच वेळ विचार करत बसलो की, आपल्याकडे एका माणसाने अगदी असाच कच्चा नमुना करून सावकारासमोर ठेवला होता. तो नमुना आज कुठे आहे?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि बिऱ्हाड मुंबईला आले. मुलाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा रंगांकडे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला, आणि हाती कॅमेरा आला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे या गृहस्थाने काय केले नाही ते विचारावे! गोध्ऱ्याला फोटोग्राफीचा धंदा थाटला. तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेले. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते करून दाखवले; हे नाव म्हणजे फाळके हे आडनाव उलटे करून वाचलेले. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना चालवला, रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदाराशी पटेना म्हणून भरभराटीला आलेल्या छापखान्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. चाळिशी गाठलेला, दुसऱ्या लग्नाचा, पोराबाळांचा माणूस पुन्हा रस्त्यावर आला होता.

ही सारी यादी म्हणजे धरसोडपणा, असे त्या काळच्या नातेवाईकांना वाटले असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. कोणत्याही मराठी घरात असा जावई असता तर सासऱ्याने डोक्याला हात लावला असता. पण आज मागे वळून पाहिले की ध्यानात येते, चित्रकला, छायाचित्रण, रसायने, छपाई, नाटकाचे पडदे, जादू, हे सगळे एका ठिकाणी जिथे लागते असा एकच धंदा आहे, आणि तो तेव्हा हिंदुस्थानात फारसे कोणी करत नव्हते.

१९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू हिंडत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण हिंडू लागले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. मग रोज संध्याकाळी चित्रपट, रात्री मेणबत्तीच्या उजेडात फिल्मचे तुकडे आणि पुस्तके. इतके की डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासे झाले. औषधोपचाराने दृष्टी परत आल्यावर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत नेऊन सोडले. काम पाहून घेतले, पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोरी फिल्म आणि तिच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि १ एप्रिलला माणूस परत मुंबईत हजर.

आता कॅमेरा आला, परंतु चित्रपटाला लागणारा पैसा कुठून यायचा? पौराणिक चित्रपट काढतो असे नुसते तोंडाने सांगून कोण पैसे देणार? तेव्हा फाळक्यांनी घरातल्या घरात एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवला. महिनाभराहून अधिक काळ ते त्याची चित्रे टिपत राहिले. रोज एक चित्र घेतले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. मी आपला कागदावर हिशेब मांडून पाहिला. मिनिटभराच्या फिल्मला त्या काळच्या वेगाने साडेनऊशेच्या आसपास चित्रे लागतात. रोज एकच घेतले तर महिन्याभराच्या कष्टाचे पडद्यावर दोन सेकंदही होत नाहीत. पापणी लवेपर्यंत रोप उगवून मोकळे! तेव्हा दिवसातून वीस-वीस वेळा तरी हा गृहस्थ त्या कुंडीपाशी बसला असणार, असे मला वाटते. घरात पैशाची चणचण, दागिने मोडीत निघण्याची वेळ, आणि घरधनी वाटाण्यासमोर बसलेला. सरस्वतीबाईंनी हे सोसले एवढेच नव्हे तर त्या या कामात शिरल्या. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या.

'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचे नाव. माती फुटते, कोंब डोके वर काढतो, पाने उलगडतात, वेल वर चढतो, हे सगळे मिनिटभरात. निवडक मंडळींना ती दाखवली आणि नाडकर्णी नावाच्या स्नेह्यांनी कर्ज देऊ केले. मला या प्रसंगाचे मोठे अप्रूप वाटते. एखाद्याने देवादिकांचा, निदान एखाद्या नटाचा तुकडा घेऊन दाखवला असता. फाळक्यांनी निवडले ते असे दृश्य की जे समोर बसून कोणत्याही सावकाराला आयुष्यात दिसले नसते. या यंत्राने काय करता येते ते त्यांनी वाटाण्याकडून बोलवून घेतले. राल्फ बेअरचा खोका संग्रहालयात काचेआड आहे. 'अंकुराची वाढ' नाहीशी झाली.

पुढचा भाग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. दादरच्या बंगल्यात स्टुडिओ उभा राहिला. हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही सिनेमात यायला राजी नव्हत्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी, नाजूक बोटांचा अण्णा साळुंके, महिना पंधरा रुपयांवर महाराणी झाला. सरस्वतीबाई या सगळ्या लवाजम्याचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्म धुवत. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला.

सुरतेला मात्र पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये गल्ला जमला. नाटके तिथे तासन्‌तास चालत, आणि त्याच पैशात हा तासाभराचा खेळ कोण पाहणार? फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत. लोक लोटले. छायाचित्रांचा आकडा साधारण बरोबर आहे, कारण फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही! उरलेले सव्वा मैल प्रोफेसर केल्फांनी आपल्या टोपीतून काढले असावेत.

फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांच्या रूपाने पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ साली चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी वाखाणणी केली, तिथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली, पण त्यांनी मायदेशाची वाट धरली. इतक्यात महायुद्ध भडकले आणि भांडवलाचे झरे आटले.

याच काळात त्या पहिल्या 'हरिश्चंद्रा'चे काहीतरी झाले. चित्रपटाची प्रत गावोगाव बैलगाडीतून हिंडत असताना उन्हाळ्याच्या तापाने पेटली, असे सांगितले जाते. चंद्रपूरच्या माणसाला ही गोष्ट पटायला फारसा वेळ लागत नाही. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो तेव्हा आमच्याकडे डांबरी रस्ता चपलेला चिकटतो. त्या काळची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या दारूची सख्खी चुलतबहीण. ती खराब होऊ लागली की अशा उष्म्यात आपसूक पेट घेऊ शकते. कारण काहीही असो, फाळक्यांनी १९१७ साली हरिश्चंद्र पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला, आणि 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने त्याच एप्रिलात तो पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. आज राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या कथेची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत. ती १९१३ ची नसून १९१७ ची असावीत असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पाण्यात खेळणाऱ्या राणीच्या दासी, ज्यांच्या भिजलेल्या पदरांआड पुरुषी खांदे लपत नाहीत, त्या बहुधा दुसऱ्या खेपेच्या आहेत. पहिल्या खेपेला फाळक्यांनी कॅमेरा कुठे ठेवला होता, काय चुकले होते, चार वर्षांनी ते कसे सुधारले, हे ताडून पाहायला आपल्यापाशी काही उरलेले नाही. मुलाचे पहिले पाऊल हरवले आणि पळतानाचा फोटो तेवढा राहिला, असे काहीसे झाले आहे.

१९१७ हेच वर्ष 'लंकादहन'चे. अण्णा साळुंके त्यात रामही झाले आणि सीताही. गल्ल्याची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी त्याची ख्याती. त्याच वर्षी फाळक्यांनी चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही केली. तिचा काही भाग उरला आहे आणि त्यात ते स्वतः फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून पाहताना दिसतात. पुढच्या वर्षी धनिक भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' हे चित्रपट गाजले. पण हिशेबाच्या वह्या आणि फाळके यांचे कधीच जमले नाही. राजीनामा देऊन ते कुटुंबासह काशीला निघून गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचे लांबलचक नाटक लिहिले. १९२२ साली ते मुंबईत रंगमंचावर आले, प्रेक्षकांनी विशेष उचलून धरले नाही, आणि लेखक निमूटपणे पुन्हा कंपनीत रुजू झाला.

इथे माझ्या मुलखाबद्दल दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. नाटक लांब होते म्हणून पडले असेल, तर फाळक्यांनी ते घेऊन आमच्या वडशाला यायला हवे होते! दिवाळीनंतर धान निघाले की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटके होतात आणि कांबळी पांघरलेले प्रेक्षक पहाट होईपर्यंत हलत नाहीत. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांना या रंगभूमीची थोडीबहुत जाण आली. इथेही पूर्वी साळुंक्यांसारखे मिशी उतरवून लुगडे नेसणारे नट होते. पण कोणते नाटक पहिल्या प्रयोगाला कसे होते, पुढे त्यातला कोणता प्रवेश गाळला, कोणते गाणे नव्याने घातले, हे विचारले तर जुने नट हसतात. वह्या वाळवीने खाल्ल्या किंवा दुसऱ्या मंडळाने नेल्या, एवढेच उत्तर मिळते.

माझे स्वतःचे चित्रपटशास्त्राचे शिक्षणही याच मातीतले. लहानपणी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. रीळ तुटले की ऑपरेटर कात्रीने खराब भाग कापून टाकायचा आणि आम्ही पोरे ते तुकडे वेचून काडेपेटीत साठवायचो. उन्हात धरले की एकसारखी दहा-बारा चित्रे दिसत आणि ती सारखी का, हे कळत नसे. फाळक्यांनी मेणबत्तीपुढे धरलेले तुकडे असेच असतील, असे आता वाटते.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. फाळके तेव्हा 'सेतुबंधन' या मूकपटात गुंतले होते. पैसे संपले, चित्रण रखडले, आणि चित्रपट मार्गी लागेतो त्याचा जमानाच उलटून गेला होता. बाजार बदलला आणि हातातला माल जुना झाला, या प्रकारची धास्ती भाच्याच्या धंद्यात रोजची आहे म्हणे. अर्देशीर इराणी यांच्या मदतीने मुक्या पात्रांच्या तोंडी मागाहून आवाज बसवण्यात आले आणि १९३४ साली 'सेतुबंधन' बोलपट म्हणून लोकांपुढे आला. म्हणजे एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या, एक मुकी आणि एक उसन्या गळ्याची. माझ्या मते फाळक्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत करुण प्रसंग. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलपट म्हणून केलेला त्यांचा चित्रपट एकच, कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली केलेला 'गंगावतरण'. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. पुढे कोणी काम दिले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले.

सुमारे पंचाण्णव चित्रपट आणि सव्वीस-सत्तावीस लघुपट, एवढा त्यांचा संसार. त्यातले बोटावर मोजण्याइतके शिल्लक आहेत, तेही बहुतेक तुकड्यांत. देशात मूकपट तेराशेच्या वर निघाले आणि उरले ते तीसच्या आत, त्यामुळे हे एकट्या फाळक्यांचे दुर्दैव नाही. खेळ उतरला की फिल्म विकून तिच्यातली चांदी काढून घेत. चांदीला भाव होता आणि जुन्या चित्रपटाला नव्हता. सरकारी चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झाले, म्हणजे फाळके गेल्यानंतर वीस वर्षांनी. आणि जे जमवले त्यातलीही पुष्कळ नायट्रेट रिळे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत भस्मसात झाली. नशीब एवढेच की 'हरिश्चंद्रा'च्या त्या दोन रिळांची नक्कल नव्या फिल्मवर आधीच उतरवून ठेवलेली होती.

त्या संग्रहालयात पी. के. नायर नावाचे गृहस्थ होते. ते २०१६ साली वारले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेले फिल्मचे तुकडे एकापुढे एक लावून त्यांनी १९१९ चा 'कालियामर्दन' बऱ्याच अंशी उभा केला. बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय जेमतेम सात. तो चित्रपट आता घरबसल्या पाहता येतो आणि मी तो दोनदा पाहिला. कथा सुरू होण्याआधी फाळक्यांनी त्यात एक गंमत ठेवली आहे. मुकुट नाही, मोरपीस नाही, अशी साधी मंदाकिनी समोर येते आणि कॅमेऱ्याकडे पाहून एकेक भाव करून दाखवते. हसते, रुसते, रागावते. ही मुलगी कृष्ण करू शकेल का याची जी चाचणी बापाने घरी घेतली असेल, तीच जणू चित्रपटाच्या तोंडाशी जोडून दिली आहे. मग तिच्या त्या चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचे रूप उमटत जाते, आणि काही क्षण पडद्यावर दोघेही असतात.